एका फळीवर मावेल तेवढंच

आमच्या टीव्हीखालच्या कपाटाला तीन फळ्या आहेत. वरच्या फळीवर सेट टॉप बॉक्स आणि डीव्हीडी प्लेअर. खालच्या फळीवर यांची औषधं, रक्तदाब मोजायचं यंत्र आणि विजेची बिलं. मधली फळी कित्येक वर्षं जुन्या व्हिडिओ कॅसेटींनी भरलेली होती. व्हीसीआर केव्हाच भंगारात गेला, कॅसेटी मात्र राहिल्या. बी.कॉम.ला आमचे सर अशा मालाला 'डेड स्टॉक' म्हणायचे. विकला जात नाही, वापरला जात नाही, जागा तेवढी अडवतो.

या मधल्या फळीवर काय ठेवायचं यावरून गेले दोन महिने आमच्या घरात जे काही झालं, ते आज सांगते. तुमच्यापैकी कुणी जुन्या मालिकांचे संच घ्यायच्या विचारात असेल तर थोडा उपयोगही होईल.

झालं असं, की दिवाळीच्या तोंडावर सासूबाई न्हाणीघरात घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. वय ८४. ऑपरेशन नीट पार पडलं. आता वॉकर धरून स्वयंपाकघरापर्यंत येतात. पण जिने उतरायला डॉक्टरांनी मनाई केली, त्यामुळे रोजचं देऊळ सुटलं. ज्या बाईची सकाळ सगळी देवळात जायची, तिच्यापुढे अख्खा दिवस रिकामा पडला. मग टीव्ही लागला. हल्लीच्या एका मालिकेत एक सून दुसरीच्या दुधात काहीतरी मिसळत होती. ते मिसळणं चार दिवस चाललं. पाचव्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "बंद कर गं ते. घरात बसून लोकांची पापं कशाला मोजायची?"

हे मी थोरल्याला फोनवर सांगितलं. त्याने पुण्याहून लगेच पाच हजार रुपये पाठवले. "आई, जुन्या मालिकांचे डीव्हीडी संच मिळतात. आजीसाठी घेऊन ठेव. चांगलं कलेक्शन कर."

कलेक्शन, म्हणजे संग्रह. हा शब्द आमच्या घरात जरा जपूनच वापरतात. काही वर्षांपूर्वी दशलक्षण पर्वात मी परिग्रहाचं परिमाण ठरवलं. साड्या किती, भांडी किती, दागिने किती, सगळं वहीत मांडलं. त्यातच एक साधा नियम केला, की नवी वस्तू आत आली तर त्याच जागेवरची एक जुनी बाहेर जाईल. त्यामुळे मालिका हव्या तेवढ्या घेण्याचा प्रश्नच नव्हता. मधली फळी रिकामी होईल तेवढीच जागा. टेप लावून मोजली, सव्वादोन फूट भरली. लग्नाच्या दोन कॅसेटी एका स्टुडिओत देऊन सीडीवर करून घेतल्या, बाकीच्या काढून टाकल्या, आणि प्रत्येकाला फोन करून विचारलं, की तुला काय हवं?

इथेच माझी पहिली चूक झाली. फोन पुण्याला केला, हुबळीला केला. शेजारच्या खोलीत ज्या बसल्या होत्या त्यांना विचारलं नाही. ते पुढे येईलच.

यांनी क्षणाचाही विचार न करता 'भारत एक खोज' सांगितलं. नेहरूंच्या पुस्तकावरून श्याम बेनेगल यांनी केलेली, १९८८ साली सुरू झालेली, ५३ भागांची मालिका. रोशन सेठ नेहरूंच्या भूमिकेत, निवेदनाला ओम पुरींचा आवाज, आणि नसीरुद्दीन शाह यांचे शिवाजी महाराज. यांचं म्हणणं, की घरात ठेवावी अशी ही एकच मालिका आहे. पाठोपाठ 'चाणक्य' आलं. ते १९९१चं. चंद्रप्रकाश द्विवेदी यांनी दिग्दर्शनही केलं आणि चाणक्याची भूमिकाही केली.

थोरल्याला 'ब्योमकेश बक्षी' हवं होतं. बासू चटर्जींची मालिका, रजित कपूर त्यात सत्यान्वेषी. लेकीने 'ये जो है जिंदगी' सांगितलं, त्यात सतीश शाह दर भागात वेगळाच माणूस होऊन यायचे म्हणून. सुनेने 'उडान'चं नाव घेतलं तेव्हा मला बरं वाटलं. कविता चौधरींनी स्वतः लिहिली, दिग्दर्शित केली आणि नायिकाही त्याच होत्या. कथा त्यांच्या सख्ख्या बहिणीवरून सुचलेली. कांचन चौधरी भट्टाचार्य, आयपीएस अधिकारी, ज्या पुढे उत्तराखंडच्या पोलीस महासंचालक झाल्या. आमची सून तेव्हा शाळेत होती आणि ती मालिका बघून तिने वर्षभर पोलीसच व्हायचं ठरवलं होतं. झाली फिजिओथेरपिस्ट. सासूबाईंचा व्यायाम तीच फोनवरून घेते.

नऊ वर्षांच्या नातवासाठी 'मालगुडी डेज' मी माझ्या मनानेच लिहिलं. आर. के. नारायण यांच्या गोष्टी, शंकर नाग यांचं दिग्दर्शन, आणि चित्रं आर. के. लक्ष्मण यांची. एका भावाच्या गोष्टी, दुसऱ्या भावाची रेखाटनं. चित्रीकरण कर्नाटकात आगुंब्याला झालं. ती कौलारू घरं, तो पाऊस बघितला की आपल्याकडचंच एखादं गाव वाटतं.

आणि मला स्वतःला 'चिमणराव' हवं होतं. माहेरी पुण्याला गेले की मुंबई केंद्रावरचं ते बघायचे. दिलीप प्रभावळकर चिमणराव आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. सांगलीत दोन दुकानांत विचारलं, दोन्हीकडे मान हलली. त्या काळी टेप महाग असायच्या आणि कार्यक्रम पुसून त्याच टेपवर पुन्हा चित्रीकरण व्हायचं. जुन्या मराठी कार्यक्रमांपैकी कितीतरी असंच पुसलं गेलं. म्हणजे काय विकत घ्यायचं हे काही सगळं आपल्या हातात नसतं. जे कुणीतरी जपलं तेच दुकानात येतं.

यादी नऊ-दहा नावांवर गेली. मग मी वही घेतली आणि पाच रकाने आखले. मालिका, भाग, तास, कोण बघणार, आणि शेवटचा रकाना, त्या माणसाला ती दुसरीकडे बघता येते का.

तासांचा रकाना भरताना माझे मलाच हसू आले. 'महाभारत' ९४ भागांचं. एक भाग पाऊण तासाचा धरला तर सत्तर तास. 'रामायण' ७८ भागांचं, पस्तीस मिनिटांनी साधारण पंचेचाळीस तास. 'भारत एक खोज'चे पन्नास मिनिटांनी चव्वेचाळीस. या तिघांचेच एकशे साठ तास झाले. सासूबाईंना एका बैठकीत तासाभराच्या वर बसवत नाही. म्हणजे रोज न चुकता लावलं तरी पाच महिने. आणि हे? यांनी आजवर कुठल्याही मालिकेचे दोन भाग सलग बघितलेले मला आठवत नाहीत. पहिल्याच्या मध्यावर डोळा लागतो.

शेवटचे दोन रकाने भरल्यावर यादी आपोआप लहान झाली. हे संगणकावर यूट्यूब लावून बसतात. थोरल्याकडे, लेकीकडे वेगवान इंटरनेट आहे. ज्याला जे हवं ते तो स्वतः शोधून बघू शकतो, त्याच्यासाठी आपल्या घरात पेटी कशाला ठेवायची? आपण घेणार, तो कौतुक करणार, आणि पेटीवर धूळ बसणार. पुन्हा डेड स्टॉकच. फळी त्यांच्यासाठी, ज्यांना पेटीवाचून दुसरा मार्ग नाही. आमच्याकडे इंटरनेट आहे, पण चित्र मधेच थांबतं आणि ते गोल चक्र फिरत राहतं. सासूबाईंना ते चक्र म्हणजे टीव्ही बिघडला असं वाटतं. आणि मे महिन्यात नातू येतो तेव्हा त्याच्या हातात मोबाईल द्यायचा नाही, असं त्याच्या आईबापाचंच सांगणं आहे. राहिली ही दोघं, एक ८४ वर्षांची आणि एक नऊ वर्षांचा.

खरेदीबद्दल चार गोष्टी सांगते, कारण मी एकदा फसले. पहिल्यांदा मी जवळच्या एका दुकानातून एक स्वस्त पेटी आणली. वर मोठ्या अक्षरांत 'संपूर्ण' लिहिलेलं. घरी लावली तर दहाव्या भागानंतर एकदम विसावा. तेव्हा नीट पाहिलं, पेटीवर कंपनीचं नाव नाही, पत्ता नाही, छपाई पुसट. नक्कल होती. दुकानदाराने परत घेतली नाही. शेजारचा इंजिनिअरिंगचा मुलगा म्हणाला, "काकू, पैसे कशाला घालवता, पेन ड्राइव्हवर सगळं फुकट भरून देतो." पोरगा गुणाचा आहे, मनापासून म्हणाला. पण तत्त्वार्थसूत्रात अचौर्य व्रताच्या अतिचारांत चोरून आणलेली वस्तू घेणं हाही दोष सांगितला आहे. नकळत घेतलेली नक्कल मी टाकून दिली, आता समजून-उमजून कशी घेऊ? त्याला लाडू दिला आणि नको म्हटलं.

तर पेटी हातात घेतली की आधी भागांची संख्या बघा. मूळ मालिका किती भागांची होती ते घरून लिहून न्या. 'निवडक भाग' असं बारीक अक्षरांत कुठेतरी असतं. दुसरं, व्हीसीडी आहे की डीव्हीडी ते विचारा. व्हीसीडीवर जेमतेम तास-सव्वा तासाचं मावतं, चित्रही फिकं दिसतं, आणि पेटी मोठी होते. माझ्यासारखी फळी मोजून खरेदी करणारीने डीव्हीडीच घ्यावी. तिसरं, भाषा विचारा. 'मालगुडी डेज'चे काही भाग मुळात इंग्रजीत होते. आणि चौथं, घरी आणल्यावर पहिल्या आठवड्यात सगळ्या तबकड्या एकदा लावून बघा, नुसती पहिली नको. ओरखडा असेल तर तेव्हाच बदलून मिळते. आमच्याकडच्या पावसाळ्यात तबकड्यांनाही ओल लागते, म्हणून मी पेटीत तांदळाची छोटी पुरचुंडी ठेवते. तांदूळ दर महिन्याला बदलते, नाहीतर त्यात किडे होतील आणि वेगळंच पाप लागेल.

आता सासूबाईंकडे येते. यादी पक्की करून, सगळं ठरवून मी त्यांच्यापाशी गेले. म्हटलं, "आई, नातवाने पैसे पाठवलेत, 'महाभारत' आणू का तुमच्यासाठी?" कारण त्यांना नीतिश भारद्वाज यांचा कृष्ण फार आवडायचा, हे मला ठाऊक होतं.

"नको. महाभारत घरात ठेवलं की भांडणं होतात म्हणतात."

"असलं तुम्ही कधीपासून मानायला लागलात?"

"मानत नाही. पण भांडायला महाभारत कशाला हवं, आपण दोघी आहोत की." आणि मग थोडं थांबून म्हणाल्या, "रामायण आण."

"ते तर तुम्ही सगळंच्या सगळं बघितलंय."

"मी बघितलंय. तू कुठे बघितलंस?"

मला काही बोलताच आलं नाही.

तुमच्यातल्या माझ्या वयाच्या ज्या असतील त्यांना आठवत असेल. २५ जानेवारी १९८७ला रामानंद सागर यांचं 'रामायण' सुरू झालं आणि ३१ जुलै १९८८पर्यंत चाललं. रविवारी सकाळी साडेनऊ. रस्ते ओस पडायचे, हे आता सगळे सांगतात. रस्ते ओस पडून ती माणसं कुठे जायची? आमच्याकडे यायची. आमच्या गल्लीत तेव्हा दोनच टीव्ही होते, आणि आमची पुढची खोली मोठी. लाकडी शटरचा टीव्ही सव्वानवालाच उघडून ठेवायचा. पंचवीस-तीस माणसं दाटीवाटीने बसायची. कौसल्या झालेल्या जयश्री गडकर आणि दशरथ झालेले बाळ धुरी, ही खरी नवरा-बायको आहेत, हे बायका एकमेकींना दर आठवड्याला नव्याने सांगायच्या. भरत झालेला संजय जोगही आपलाच मराठी म्हणून त्याचं जास्त कौतुक.

आणि मी स्वयंपाकघरात. रविवारी घरात पाहुणे ठरलेले. अभिषेक आटोपून मंडळी यायची, अकराच्या आत पानं वाढायची. साडेनऊ ते दहा म्हणजे ऐन पोळ्यांची वेळ. त्यामुळे 'रामायण' मी ऐकलं. रवींद्र जैन यांचा आवाज, शंख, धनुष्याचा टणत्कार, अरविंद त्रिवेदींच्या रावणाचं हसणं. भिंतीपलीकडून सगळं यायचं. आवाजांवरून अंदाज बांधायचा. ७८ भागांपैकी मी पूर्ण पाहिलेले भाग तीन. त्यातला एक मला ताप होता म्हणून.

जेवणं झाली की आम्ही दोघी शेवटी बसायचो. तेव्हा सासूबाई त्या दिवशीचा भाग पहिल्यापासून सांगायला घ्यायच्या. अगदी कुणी काय नेसलं होतं इथपर्यंत. सकाळपासून उभी राहून माझे पाय दुखत असायचे. मनात यायचं, स्वतः आरामात बसून बघितलं, आता वर मला ऐकवतायत. मान खाली घालून हूं हूं करायचे.

त्यात त्यांचं सांगणंही टीव्हीतलं नुसतं नसायचं. त्यांनी चातुर्मासात देवळात पद्मपुराण ऐकलेलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, आपल्या परंपरेत रामकथा रविषेण आचार्यांच्या पद्मपुराणातून येते. राम म्हणजे पद्म. त्यात वानर हे माकडं नाहीत, वानराचं चिन्ह असलेले विद्याधर. रावणाला दहा तोंडं नाहीत, त्याच्या गळ्यातल्या हाराच्या नऊ रत्नांत त्याचाच चेहरा दिसायचा म्हणून तो दशानन. आणि रावणाला मारतो लक्ष्मण. राम शेवटी दीक्षा घेऊन मोक्षाला जातात, आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या मांगीतुंगीहून. सीताही अग्निपरीक्षेनंतर घरी परतत नाही, आर्यिका होते.

सासूबाई टीव्हीतलं सांगता सांगता यात कधी शिरायच्या ते कळायचंही नाही. थोरला आमच्या शेजारी बसून ऐकायचा. ज्या रविवारी रावण मारला गेला, त्याच्या दुसऱ्या दिवशी शाळेत बाईंनी विचारलं, रावणाला कुणी मारलं? याने हात वर करून सांगितलं, लक्ष्मणाने. सगळा वर्ग हसला. घरी येऊन रडला. "अरे, तू स्वतः टीव्हीवर बघितलंस ना?" असं विचारलं तर म्हणाला, "पण आजीने नंतर नीट सांगितलं ना." त्या दिवशी यांनी त्याला समजावलं, की एकच गोष्ट वेगवेगळ्या घरांत वेगवेगळी सांगतात, आणि ऐकणाऱ्याने दोन्ही नीट ऐकावीत. सासूबाईंनीही टीव्हीतलं चूक आहे असं कधी म्हटलं नाही. टीव्हीसमोर सगळ्यांच्या आधी हात त्याच जोडायच्या.

तर 'रामायण' आलं. ७८ भागांचा पूर्ण संच, पाठीवर कंपनीचं नाव-गाव असलेला. 'मालगुडी डेज' आलं. रोज सकाळी साडेनऊला आम्ही दोघी बसतो. वेळ त्यांनीच ठरवली. स्वयंपाक मी त्याआधी उरकते किंवा मग नंतर करते. यांना अकराऐवजी साडेअकराला जेवायला लागलं, काही बिघडलं नाही.

गेल्या आठवड्यात रावणवधाचा भाग आला. त्या काळी ज्याचा नुसता गलका ऐकला होता तो. रामाने बाण सोडला, रावण पडला.

मी म्हटलं, "आई, रामानेच मारलं की हो. तुम्ही मला लक्ष्मण सांगितला होता."

"टीव्हीतलं तुला आत ऐकू येतच होतं. ते परत काय सांगायचं? आपलं सांगत होते."

"मला वाटायचं, तुम्ही मला उगाच बसवून ठेवता."

त्या हसल्या नाहीत. टीव्हीकडेच बघत म्हणाल्या, "आतून भांड्यांचा आवाज थांबला की मला कळायचं, तू ऐकतेयस. लाटणंसुद्धा थांबायचं. म्हणून सांगायची जेवताना."

"मग हाक का नाही मारलीत?"

त्या बराच वेळ गप्प होत्या. पडद्यावर बायका रडत होत्या. मग म्हणाल्या, "तेव्हा माझ्या सासूबाई होत्या. मीच कोपऱ्यात भीतभीत बसायची, आत कुणाचं अडलंय का बघत. पण मारायला पाहिजे होती हाक. पाच मिनिटं तरी."

यावर मी काही बोलले नाही. बोलण्यासारखं नव्हतंच. पण त्या दिवशी दुपारी पडल्या पडल्या मला 'बुनियाद' आठवलं. १९८६-८७चं, रमेश सिप्पींचं. फाळणीची कथा, आलोक नाथ यांचे हवेलीराम, अनिता कंवर यांची लाजोजी. ते रात्री लागायचं. आमच्याकडे दिवस मावळायच्या आत जेवणं व्हायची, दिवेलागणीला स्वयंपाकघर बंद. त्यामुळे रात्रीच्या मालिका मी ऐटीत पुढच्या खोलीत बसून बघितल्या. शेजारच्या वहिनींच्या घरी तेव्हाच पानं वाढलेली असायची, त्यांना कधी सलग बघता आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर मी त्यांना सगळा भाग सांगायची. त्यांची घागर भरून वाहायची तरी त्या उभ्या राहायच्या. हे मी किती प्रेमाने करते, असं मला तेव्हा वाटायचं. आणि माझ्याच घरात, माझ्याच पानाशेजारी बसून कुणीतरी माझ्यासाठी नेमकं तेच करत होतं, ते मला बी.कॉम. होऊनही कधी जमेच्या बाजूला लिहिता आलं नाही.

त्या वहिनी आता मुलाकडे बेळगावला असतात. परवा त्यांना फोन केला, 'बुनियाद' पूर्ण बघितलंत का हो कधी, म्हणून विचारलं. म्हणाल्या, "कुठलं? तुझ्याकडून ऐकलं तेवढंच." थोरल्याच्या पाच हजारांतले काही उरले होते. त्याला विचारून 'बुनियाद' शोधायला सांगितलंय. मिळालं तर पेटी बेळगावला जाईल, आमच्या फळीवर येणार नाही. परिमाणाचा नियमही मोडणार नाही.

तेव्हा कुणी जुन्या मालिका घेणार असाल तर उत्तम कोणती, गाजलेली कोणती, हे जरूर बघा. पण त्याआधी घरात एकदा आठवून बघा, त्या वेळी टीव्ही चालू असताना आत कोण होतं. त्या माणसाला आधी विचारा.

मधल्या फळीवर आता दोन पेट्या आहेत आणि साधारण फूटभर जागा मोकळी आहे. ती मोकळीच राहू दे असं मी ठरवलंय. सासूबाईंना हल्ली भाग चालू असतानाच डुलकी लागते. टीव्ही बंद करून त्यांना उठवत नाही, शेवटपर्यंत एकटीच बघते. मग जेवताना त्या विचारतात, "पुढं काय झालं?" मी पहिल्यापासून सांगते, कुणी काय नेसलं होतं इथपर्यंत. काल म्हणाल्या, "टीव्हीतलं सांग. आपलं मला येतंय."